क्षमता पन्नास हजार लिटर

आमच्या टाकीत पाणी आलं.

हे वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. टाकी कोरडी आहे. वरचं झाकण कोणीतरी कधीच नेलेलं आहे, आत एक शेळीचं पिल्लू पडलं आहे, आणि माझी बहीण रविना त्याला हाका मारत लोखंडी शिडीने खाली उतरते आहे. गोष्ट इथून सुरू होते. पाण्याचा विषय कोणी काढायचा नाही.

टाकी मोखाडा तालुक्यातल्या सूर्यमाळच्या खालच्या अंगाला, आमच्या पाड्याच्या वरच्या टेकाडावर आहे. मी पाचवीत असताना बांधली. गोल, सिमेंटची, बाहेरून पिवळी, आणि पिवळ्यावर निळ्या अक्षरांत ‘क्षमता ५०,००० लिटर’. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाला. मग कळलं की पंपाला वीज नाही. दोन वर्षांनी वीज आली तेव्हा पंप नव्हता. पंप आला तेव्हा पाइप संपलेले होते, आणि पाइप आले तोवर ज्या विहिरीतून पाणी उचलायचं ती आटली होती. कोणी मुद्दाम केलं असं नाही. जो तो आपापल्या वेळेवर आला होता, एवढंच.

पाड्याने मात्र टाकीचा पुरेपूर उपयोग केला. छतावर नागली वाळायची. मोबाइलला रेंजही तिथेच यायची, गोल टाकीला जो काही कोपरा असतो त्या कोपऱ्यात. लग्नाची बोलणी, नोकरीचे अर्ज, माहेरी रुसून बसलेल्या बायकोची समजूत, सगळं त्या कोपऱ्यात उभं राहून झालं. नंबर लावावा लागायचा.

तर पिल्लू आत पडलं. रविना तेव्हा सोळा वर्षांची होती. ती खाली जाऊन “ये गं, ये गं” म्हणाली आणि टाकीने ते पाच वेळा परत दिलं, दर वेळी आधीपेक्षा चांगलं. पिल्लाला पाचही बाजूंनी बोलावणं आल्यामुळे ते एकाही बाजूला गेलं नाही. मी वरून डोकावलो.

“सापडलं का?”

“दादा, खाली ये. बोलू नको. नुसता ये.”

मी उतरलो. तिने एक ओळ गायली आणि गप्प बसली. ओळ वर गेली, भिंतीला धरून फिरली, आणि अंगाने भरून परत आली. घरातून एक पोर बाहेर जावं आणि संध्याकाळी पाच जणी घरी याव्यात तसं वाटलं.

“ऐकलंस?”

“ऐकलं. पिल्लू कुठाय?”

ते माझ्या मागे उभं राहून माझा शर्ट खात होतं. त्याचे आभार मी इथेच मानतो, कारण नंतर गर्दी होणार आहे.

ओळ कुठल्या गाण्याची ते सांगायला हवं. उन्हाळ्यात आमच्याकडे झिऱ्यावरून पाणी भरतात. झिरा म्हणजे ओहोळाच्या कोरड्या पात्रात खणलेला हातभर खड्डा. त्यात पाणी पाझरतं, ते वाटीने उपसून हंड्यात घालायचं. एकीचा हंडा भरला की पुढचीचा नंबर. भांडणं होऊ नयेत म्हणून फार पूर्वी कोण्या बाईने नियम घालून दिला: जिचा हंडा भरतोय तिने गायचं. हंडा भरला की गाणं संपलं, गाणं संपलं की उठायचं. गाणं थांबलं आणि बाई उठली नाही, तर ती लबाडी. त्यामुळे आमच्या गाण्याला लांबी नसते, महिना असतो. फेब्रुवारीचं गाणं दोन कडव्यांचं, कारण तेव्हा पाझर चांगला असतो. एप्रिलचं सहा कडव्यांचं. मेचं अकरा, आणि तेही सावकाश. मेचं गाणं एकीने होतच नाही. तिचा दम संपतो, मग रांगेतल्या बाकीच्या ते उचलतात.

रविना सातव्या वर्षापासून त्या रांगेत उभी होती. तिच्या शाळा दोन झाल्या, त्यातली ही अनुदानित नव्हती.

मी जव्हारला आयटीआय केलं आणि एसटी स्टँडजवळ गोरखदादाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागलो. माझ्याकडे चार पट्ट्या मुक्या असलेला एक जुना कीबोर्ड होता आणि गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा होता. रविवारी आम्ही दोघं टाकीत उतरलो, मोबाइल नायलॉनच्या दोरीने मधोमध उलटा टांगला, आणि फेब्रुवारीचं गाणं गायलो.

झिऱ्याकाठी चिमणी आली, तिची तहान थेंबाएवढी,
माझ्या घरची तहान बाई, डोईवरच्या हंड्याएवढी.

सोमवारी गोरखदादाने ते दुकानात ऐकलं. एका गिऱ्हाइकाचा फोन उघडून ठेवलेला होता तो तसाच राहिला.

“टाक नेटवर. नाव काय तुमच्या जोडीचं?”

“उमेश आणि रविना.”

“हे तर रेशनकार्डावर असतं.” त्याने आमचा फोटो मोठा केला. मागे टाकी होती. “हे काय, मागं लिहिलंयच की.”

अशा प्रकारे आम्ही ‘क्षमता ५०,०००’ झालो. नंतर पुण्यात एकाने विचारलं की हे नाव तरुणांमधल्या आत्मविश्वासाबद्दल आहे का. मी म्हटलं, लिटरबद्दल आहे.

गाणं चाललं. कसं चाललं ते मला अजून कळलेलं नाही. सहा महिन्यांनी मुंबईच्या एका संगीत कंपनीतून मॅडमचा फोन आला. मी टाकीवरच्या कोपऱ्यात धावलो. तिथे एक काका जावयाशी बोलत होते, त्यांनी जावयाला थांबवून मला जागा दिली. त्यांचेही आभार.

“आवाजाला ती जी गोलाई आहे,” मॅडम म्हणाल्या, “ती कशाने आणता? काय वापरता?”

“सिमेंट.”

“नाही, म्हणजे सेटिंग काय ठेवता?”

“झाकण उघडं.”

“खोली केवढी आहे?”

“पन्नास हजार लिटर.”

मग त्या म्हणाल्या, आतली भिंत फार गुळगुळीत असणार, नाहीतर असं होत नाही. खरं होतं. टाकी बांधत होते तेव्हा आमचा बा तिथे कामाला होता. आतल्या गिलाव्याची घोटाई त्याने केली. बाकीच्यांचं एका दिवसात झालं असतं, त्याने चार दिवस लावले. मुकादम म्हणाला, “अंदर से कौन देखेगा?” बा म्हणाला, “पाणी बघेल ना.” बाचं नाव रघु. दिवाळीनंतर तो ठाण्याला बांधकामावर जातो आणि पेरणीला येतो, आणि तिथेही तो घोटाई जरा जास्तच करतो म्हणून मुकादम वैतागलेला असतो.

मॅडमनी सांगितलं की आमचं संगीत ऑल्टरनेटिव्ह पॉप या प्रकारात बसतं. मी आईला सांगितलं, पर्यायी. आई म्हणाली, “घाटात दरड पडल्यावर बोर्ड लावतात तसं?” मी म्हटलं, साधारण तसंच.

पाच गाण्यांचा अल्बम करायचा ठरला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि जुलैतलं एक, ज्यात पाणी इतकं असतं की गाणं सुरू व्हायच्या आतच संपतं. चार झाली. पाचवं मेचं होतं. त्यासाठी मे यावा लागतो, म्हणून आम्ही थांबलो, आणि मधल्या काळात कंपनीने आम्हाला पुण्यात एका कार्यक्रमाला नेलं.

तो हॉल फार चांगला होता. भिंतींना गाद्या लावलेल्या. रविनाने पहिली ओळ गायली आणि सवयीने टाकी उत्तर देण्याची वाट बघत थांबली. टाकी दोनशे किलोमीटरवर होती. रविना थांबली. मी डब्यावर हात धरून थांबलो. अकरा सेकंद काहीही झालं नाही. पहिल्या रांगेत एक बाई रडायला लागल्या. मग टाळ्या. दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलं की शांततेचा इतका धीट वापर मराठीत यापूर्वी झालेला नाही.

रविना रिक्षात रडली. ते कोणी लिहिलं नाही.

“दादा, मला वाटलं आवाजच गेला माझा.”

“गेला नव्हता. भिंतीवरच्या गाद्यांनी खाल्ला.”

“नाय रे. माझा आवाज अर्धाच आहे. बाकीचा टाकीचा आहे. लोकांना तो आवडतो.”



आता माझ्या चुकीकडे येतो. त्या कार्यक्रमानंतर एका मुलीने कॅमेऱ्यासमोर मला विचारलं, “तुमच्या यशाचं श्रेय कोणाला द्याल?” मी प्रामाणिकपणे म्हणालो, “ज्या विभागाने आमच्या पाड्यात टाकी बांधली आणि अकरा वर्षं तिच्यात थेंबभर पाणी येऊ दिलं नाही, त्या विभागाचे आम्ही मनापासून आभारी आहोत. मधे किती साहेब बदलून गेले, पण धोरणात सातत्य राहिलं. पाणी आलं असतं तर आम्ही आज इथे नसतो.”

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. आम्हा दोघांना आमच्या आईने वळण लावलंय की कोणाचं काही घेतलं तर आभार मानावेत. पण तो व्हिडिओ वीस लाख लोकांनी बघितला आणि वीसही लाखांना तो टोमणा वाटला. ‘काय मारलाय भाऊ!’ असं खाली लिहिलेलं. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, ‘टोमणा नाही, खरे आभार आहेत.’ त्यालाही लोक हसले.

पाचव्या दिवशी पाड्यात जीप आली. तीन जण उतरले, टाकीभोवती एक प्रदक्षिणा घालून खाली आले. त्यातले साहेब तरुण होते, नवीन होते, आणि घामाने भिजले होते.

“उमेश कोण?”

“मी.”

“ते आभार मागे घ्या.”

“मागे कसे घेऊ साहेब? मनापासून दिलेत.”

“बघा हं. नाही घेतले तर आम्हाला पाणी द्यावं लागेल.” धमकी द्यावी तसे म्हणाले.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला. आई होती, डोक्यावर हंडा, हातात कळशी. साडेचार तासांनी झिऱ्यावरून येत होती.

“नको रे घेऊ मागं,” आई म्हणाली.

अकरा वर्षांत जे जमलं नव्हतं ते वीस दिवसांत जमलं. दरीत बोअर मारली, साडेतीनशे फुटांवर पाणी लागलं. सोलर पंप आला, पाइप आले, पाड्यात चार ठिकाणी नळ उभे राहिले. यावेळी सगळे एकाच वेळी आले. मे महिना होता. मॅडमचा फोन आला की अल्बम पंधरा जूनला काढायचा, पाचवं गाणं महिनाअखेर हवं. आणि साहेब म्हणाले, “टाकी मोकळी असल्याचं लिहून द्या. त्याशिवाय पाणी सोडता येत नाही. आत तुमची वाद्यं आहेत म्हणे.”

ते पत्र चार दिवस माझ्या खिशात राहिलं. कोरा कागद होता, पण पाड्यातलं सगळं पाणी त्या खिशात होतं. मी वाकलो तरी ते जाणवायचं.

पाचव्या दिवशी सकाळी आई भाकरी थापत होती.

“पत्र दिलंस का साहेबाला?”

“देतो.”

“चार दिवस देतोच आहेस.”

“आई, एक गाणं राहिलंय.”

“मग गा. तोंड धरलंय कोणी?”

“त्याला बायका लागतात. दहा-बारा जणी तरी.”

“बायका झिऱ्यावर आहेत.”

“तेच तर.”

आईने भाकरी उलटली. “म्हणजे बायकांना वेळ नाय, कारण पाणी नाय. आणि पाणी आलं, बायका मोकळ्या झाल्या, की टाकी नाय.”

“हो.”

“हे तुला आयटीआयमध्ये शिकवलं?”

रविना आईच्या मागे बसून तिच्या डोक्याला तेल लावत होती. आईच्या डोक्यावर मधोमध वाटीच्या तळाएवढी जागा आहे, तिथे केस येत नाहीत. चुंबळ बसते ती जागा. रविनाचा हात तिथे येऊन थांबला. मग तिने तेलाचा हात परकराला पुसला आणि माझ्यापुढे धरला.

“कागद दे. मीच लिहिते.”

तिचं अक्षर चांगलं आहे. तिने लिहिलं: ‘सदर टाकी पूर्णपणे मोकळी असून तीत कोणतीही वस्तू, जनावर अथवा इसम नाही.’ खाली दोघांच्या सह्या केल्या, माझीसुद्धा तिनेच.

“आणि गाणं?”

“पाणी यायचं त्या दिवशी झिऱ्यावर कोण जाईल? सगळ्या इथंच असतील, वाट बघत. पाणी बाराला सोडणार. आपण नवाला आत जाऊ.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतर माहीत नाय.” तिने कागदाची घडी घातली. “आईला दुपारी झोपलेलं मी कधी बघितलं नाय, दादा.”

त्या दिवशी नऊ वाजता चौदा बायका पदर खोचून एकामागून एक शिडीने टाकीत उतरल्या. पाड्याच्या इतिहासात चौदा बायकांना एकाच वेळी रिकामा वेळ असण्याचा तो पहिला प्रसंग. पुढे होती भागी मावशी, आईची थोरली बहीण. झिऱ्यावर तिचा शब्द चालतो. ती आत उतरून मधोमध उभी राहिली, वर टांगलेल्या मोबाइलकडे आणि मॅडमनी पाठवलेल्या रेकॉर्डरकडे संशयाने बघितलं, आणि म्हणाली,

“हंडा कुठाय?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आज नळ येणार म्हणून कोणीच हंडा घेऊन घराबाहेर पडलं नव्हतं.

“मावशे, हंडा कशाला? नुसतं गायचंय.”

“नुसतं? भरतंय काय मग?”

“काही नाय. रेकॉर्ड करायचंय.”

“काही भरत नसताना गायचं म्हणजे लबाडी. मी नाय गात.”

बाकीच्या तेरा जणींनी माना हलवल्या. मी तेलाचा डबा पुढे केला. भागी मावशीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी तो मागे घेतला. नऊ पस्तीस झाले होते. कोणालातरी घरी पाठवून हंडा आणि बादलीभर पाणी मागवावं, अशी चर्चा सुरू झाली. पाणी कोणाच्या घरात आहे यावर ती अडली.

तेवढ्यात भिंतीतला पाइप खोकला.

साहेबांचं चुकलं नव्हतं. ऊन चांगलं होतं, पंप चालवून बघावा म्हणून त्यांनी दरीतल्या माणसाला फोन केला असणार. टाकी मोकळी असल्याचं लेखी पत्र त्यांच्याजवळ होतंच. पाइपने आधी वारा सोडला, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ पाणी, मनगटाएवढ्या जाड धारेने. मी ओरडलो, “थांबवा, आत माणसं आहेत!” टाकीने ते पाच वेळा सांगितलं, पण सगळं आम्हालाच.

बायका पाण्याकडे बघत राहिल्या. धार पायापर्यंत आली. भागी मावशीने गोल फिरून चारी बाजूंची भिंत खालपासून वरपर्यंत न्याहाळली.

“हा घ्या हंडा,” ती म्हणाली, आणि गायला लागली.

खेकड्याला विचारलं गं, पाणी कुठं गेलं?
खेकडा म्हणतो, बेडकाला विचार.

मेच्या गाण्यात अशी विचारपूस चालते. खेकड्याला, बेडकाला, उंबराच्या मुळीला, मुंगीला, सगळे एकमेकांवर ढकलतात. अकराव्या कडव्यात हंड्यालाच विचारतात. हंडा तोवर भरलेला असतो, त्याच्यातून आवाज येत नाही, आणि गाणं तिथे संपतं. पण आमचं अकरावं कडवं आलं तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि हंडा चांगला जोरात बोलत होता.

“आता?” रविनाने विचारलं.

“आता काय? भरलाय का? नाय ना? मग गा!”

नियम म्हणजे नियम. कीबोर्ड तरंगेल असं मला वाटलं होतं, तो तरंगला नाही. मी डब्यावर चढलो, दोरी सोडून मोबाइल आणि रेकॉर्डर वर घेतले. बायका गातगातच शिडीने वर आल्या, आणि छतावर टाकीच्या तोंडाभोवती गोल करून बसल्या. अकरा वाजता साहेब नारळ घेऊन आले, त्यांना सगळ्यांचे गुडघ्यापर्यंत भिजलेले कपडे दिसले.

“अहो, हे काय! पत्रात लिहिलंय आत एकही इसम नाही!”

“आम्ही इसम नाय,” आई म्हणाली. “बायका आहोत.”

“आणि हा?”

“हा आमचा उमेश.”

भागी मावशीने साहेबांना बघितलं आणि तिला बारावं कडवं मिळालं.

साहेबाला विचारलं गं, पाणी कुठं गेलं?
साहेब म्हणतो, फाईलीला विचार.

साहेब आधी लाजले. मग हसले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, “मावशी, फाईल माझ्याकडे नव्हती हो. वरच्या ऑफिसात होती.” झालं, तेरावं कडवं वरच्या ऑफिसला गेलं. चौदावं ठेकेदाराला, पंधरावं त्याच्या मेव्हण्याला. विसाव्यात मला विचारलं, आणि मी म्हणे मोबाइलला विचार म्हणतो. सव्विसाव्यात माझ्या लग्नाचं काय झालं असं विचारलं, ज्याचा पाण्याशी काहीही संबंध नव्हता. एकीचा आवाज बसला की दुसरी उचलायची. मधे रविना असायची. प्रत्येक कडव्याची पहिली ओळ तिची. एक वाजता आभाळात ढग आला आणि सोलर पंप थांबला. बायकांनी एकच ओळ घोळवत धरून ठेवली आणि वर बघून ढगाला शिव्या दिल्या. मे महिन्यात ढगाला हाकलून लावणारा तालुक्यातला आमचा पहिलाच पाडा असावा.

सव्वातीनला पाणी काठाला आलं. रविना पालथी झोपून टाकीच्या तोंडावर झुकली आणि एकटीने शेवटची ओळ गायली, टाकीला विचारलं की पाणी कुठं गेलं. आणि थांबली, सवयीने. पुण्यात थांबली होती तेवढीच. टाकीतून काही आलं नाही. पाण्यावर फक्त तिचं तोंड दिसत होतं, हलत होतं.

“भरला,” भागी मावशी म्हणाली. “ऊठ आता.”

ते पहिलं पाणी टाकी धुण्यापुरतंच होतं, सोडून द्यायचं होतं. साहेबांनी तसं सांगितलं, आणि ते सांगून होईपर्यंत पाड्यातली प्रत्येक बादली, टोप, पिंप आणि बाळाच्या आंघोळीसाठी आणलेला एक टब खाली नळाला लागला होता. गुरं धुतली, अंगणं सारवली. आईने काहीच धुतलं नाही. ती घरी जाऊन आडवी झाली. बाहेर ऊन होतं आणि माझी आई झोपली होती. रविना दारात बसून ते बघत होती. मी कोपऱ्यात जाऊन बाला फोन लावला, कोपरा त्या दिवशी रिकामा होता.

“बा, टाकीत पाणी आलं.”

ठाण्याकडून मिक्सरचा आवाज येत होता. बा त्यापासून लांब चालत गेला. मग म्हणाला, “बघितली का पाण्यानं घोटाई?”

“बघितली.”

“गळतं का कुठं?”

“नाय.”

“हां,” बा म्हणाला, आणि फोन ठेवला. त्याला एवढंच विचारायचं होतं, अकरा वर्षं.

सोमवारी आम्ही गोरखदादाच्या दुकानात बसून रेकॉर्डिंग ऐकलं. पाच तास चाळीस मिनिटं. सुरुवातीला टाकी पाचपट करून देते. गुडघ्याला पाणी येतं तेव्हा चारपट. पुढे कडव्याकडव्याला ती कमी होत जाते, आणि शेवटचे तीन तास ती नाहीच. नुसत्या बायका, वारा, आणि रविना. रविनाने दुकानाच्या काउंटरवर कान टेकल्यासारखं केलं.

“दादा, इथं टाकी कुठाय?”

“टाकी भरलीय. हा नुसता तुझा आवाज आहे.”

“एवढाच आहे?”

“एवढा आहे.”

तिने परत ऐकलं. गोरखदादाने गिऱ्हाइकाला बोट ओठांवर ठेवून बाहेर थांबवलं होतं.

“पुरेल,” रविना म्हणाली.

मॅडमनी विचारलं, तीन मिनिटांत बसवता येईल का. रविना म्हणाली, हंडा लहान घेतला असता तर बसलं असतं. मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी गाणं पूर्ण काढलं. शहरात लोक ते लावून झोपतात असं कळतं. हरकत नाही. आमच्या आईपासूनच सुरुवात झालेली आहे. अल्बमवर ‘घोटाई: रघु’ आणि ‘नियम: भागी मावशी’ असं छापलंय. बाने त्याचा फोटो मुकादमाला दाखवला.

आता पाड्यात नळाला हंडा चाळीस सेकंदांत भरतो. म्हणून आमचं नवं गाणं चाळीस सेकंदांचं आहे. ते पहिल्या सगळ्यांपेक्षा जास्त चाललं, लोक म्हणतात आम्हाला काळाची नस सापडली. आम्हाला नळ सापडला. पुढच्या महिन्यात पुन्हा पुण्याला बोलावलंय, त्याच गाद्यांच्या हॉलमध्ये. रविना म्हणते, ओळ झाली की थांबायचं, पण यावेळी वाट बघायची नाही.

तरीही माणसाने प्रयत्न करून बघावा म्हणून मी काल मोखाड्याला जाऊन खालील अर्ज आवक-जावक टेबलावर दिला. पोच मिळाली आहे.

प्रति,
मा. संबंधित साहेब, संबंधित विभाग.

विषय: एक कोरडी टाकी मंजूर करण्याबाबत.

महोदय,

आपण आमच्या पाड्यास पाणी दिल्याबद्दल आम्ही उभयता मनापासून आभारी आहोत. हे आभार टोमणा समजू नयेत व मागे घेण्यास सांगू नये. सदर पाण्यामुळे आमची पूर्वीची टाकी आमच्याशी बोलेनाशी झाली असून त्याबाबत आमची कोणतीही तक्रार नाही. तथापि, आणखी एक टाकी, क्षमता ५०,००० लिटर, आतील घोटाई श्री. रघु यांच्याच हातची, मंजूर करून तिला वीज, पंप, पाइप व पाणी हे पूर्वीप्रमाणेच, म्हणजे एकत्र न येतील अशा बेताने द्यावेत. सदर टाकी अशा जागी बांधावी की जेथे ती कोरडी राहिल्यामुळे तालुक्यातील एकाही बाईस झिऱ्यावर उतरावे लागणार नाही. अशी जागा तालुक्यात सध्या उपलब्ध नसल्यास ती प्रथम निर्माण करावी, त्यानंतरच नारळ फोडावा, ही नम्र विनंती.